ॲव्हरेज आबा

गाडी घ्यायचं ठरलं की आमच्याकडे आधी बायकोला विचारत नाहीत, बँकेलाही विचारत नाहीत. आधी आबांना विचारतात. आबा हा एकच माणूस आहे असं समजू नका. कळंबला एक आहेत, परंड्याला आहेत, उमरग्यात तर दोन आहेत आणि त्यांचं आपसांत बोलणं नाही. भूममध्ये त्यांना नाना म्हणतात, वाशीत मामा. हाक कोणतीही मारा, उद्योग एकच: दुसऱ्याच्या पैशांनी गाडी घेणं. मी सांगतोय ते धाराशिव शहरातले. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर सकाळी दहा ते दुपारी एक, बाजाराचा वार सोडून.

आबांकडे स्वतःची चारचाकी नाही, कधी नव्हती. एक जुनी हिरो होंडा आहे, तीही मेव्हण्याच्या नावावर, आणि तिची आर.सी. नक्की कुणाच्या कपाटात आहे यावर दोन्ही घरांत एकमत नाही. आबांना चारचाकी चालवता येते का, याबद्दलही गावात वाद आहे. लायसन आहे, ते काढताना ट्रायल कुणी दिली होती हे विचारायची पद्धत नाही. तरीही आबांनी नाक मुरडलेली गाडी धाराशिवात खपत नाही. एजंट त्यांना चहा पाजतात तो प्रेमापोटी नव्हे.

पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज काय देती?" एअरबॅग किती, ब्रेक कसे, टकरीच्या चाचणीत तारे किती मिळाले, हे सगळं नंतर, बहुतेक वेळा नाहीच. पुतण्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा आबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं होतं, "म्हैन्याला ॲव्हरेज काय पडतंय?" तेव्हापासून नाव पडलं ते पडलं.

शर्टाच्या वरच्या खिशात तंबाखूची डबी आणि खालच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. हे चुंबक एका जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं. जुनी गाडी समोर आली की आबा रुमालासकट ते पत्र्यावरून हळूहळू फिरवतात. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याखाली पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. युक्ती खरी आहे, जुन्या फिटरांकडून आलेली आहे, आणि पत्र्यावर चालतेही. अडचण एवढीच की आजकाल बंपर प्लास्टिकचे असतात. त्यामुळे आबांच्या नोंदीप्रमाणे या जिल्ह्यातली एकूण एक गाडी पुढून आणि मागून ठोकलेली आहे.

पण चुंबक हा देखावा. आबांची खरी तपासणी गाडीची नसतेच, ती गिऱ्हाइकाची असते. तुम्ही बाकड्यावर बसलात की चौकशी सुरू होते. गावाकडं शेत किती, रस्ता डांबरी का मुरमाड, पोरगी कुठं शिकायला, भावाकडं कोणती गाडी, साडूकडं कोणती, घराला गेट आहे का, गेटातून शेजाऱ्याला दिसतं का. या सगळ्यात गाडीचं नाव एकदाही येत नाही. शेवटी आबा डोळे बारीक करून निकाल देतात आणि तो निकाल तुमच्या मनात आधीपासून असलेलाच असतो. एका गुत्तेदाराला त्यांनी सांगितलं होतं, "साहेब, तुमाला ॲव्हरेज बघायचं कारण न्हाई. टेंडर उघडायला जाताना गाडी आधी दिसली पायजे, माणूस मागनं." गुत्तेदारानं त्याच आठवड्यात फॉर्च्युनर उचलली. जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र आबांचा नियम उलटा: "गुत्तेदाराची गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नगा. डाक्टरची घ्या. डाक्टरला गाडी पळवायला टाइमच नसतो."

असा सगळा कारभार सुरळीत चालला असताना २०२२ साली सर आले.

सर तुळजापूरच्या एका कॉलेजात शिकवतात, राहतात धाराशिवला. रोजचं जाणं-येणं धरून पन्नासेक किलोमीटर. सरांना सेडान हवी होती, आमच्या भाषेत डिक्कीवाली. कारण विचाराल तर साडूनं दिवाळीत उंच गाडी घेतली होती, आणि सरांना उंचीत त्याच्या बरोबरीला बसायचं नव्हतं. त्यातून सरांनी वाचून आणलं होतं: त्या वर्षी मे महिन्यात होंडानं सिटीची हायब्रिड आवृत्ती बाजारात आणली, नाव ई:एचईव्ही, शोरूमची किंमत १९ लाख ४९ हजार, कंपनी सांगते ॲव्हरेज २६.५.

'हायब्रिड' ऐकल्यावर आबांनी चहाचा कप खाली ठेवला. आबांच्या पिढीला हायब्रिड माहीत आहे ते ज्वारीचं. १९६४ साली सीएसएच-१ नावाचं वाण आलं आणि पुढे मराठवाडाभर पसरलं. दुष्काळाच्या सालांत त्याच भाकरीवर घरं जगली. पण आबांना तिची चव अजून माफ नाही. "उतारा लई, खायला मात्र भुस्सा," एवढं बोलून त्यांनी गाडीवरही शेरा मारून टाकला. मग सवयीनं विचारलं, "सव्वीस म्हणतेत का? शोरूमवाल्याचं की आपलं?"

आबांचा दुसरा प्रश्न चार्जिंगचा. "लावायची कुठं? आमच्या डीपीवर मोटर चालू झाली की टूब विझतीय." सर म्हणाले, लावायचीच नाही. पिनच नाही. पेट्रोल भरायचं आणि निघायचं. आबांना हे पटलं नाही. बॅटरी आहे आणि पिन नाही, म्हणजे कंपनी काहीतरी लपवते आहे. पुढे खरी गाडी समोर आली तेव्हा त्यांनी तिच्या चारही बाजू फिरून पिन शोधली, पेट्रोलचं झाकण उघडून आत बोट घातलं, आणि बोटाचा वास घेऊन झाकण लावलं.

सरांनी मग शिकवायला घेतलं. गावात, हळू चालताना गाडी ओढते ती विजेची मोटर. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन त्या वेळी चाकांना जोडलेलंच नसतं. ते वीज तयार करणारं जनित्र फिरवतं, आणि ती वीज मोटरला जाते, उरली तर बॅटरीत. हायवेला लागून एका वेगानं चालू लागलं की एक क्लच बसतो आणि इंजिन थेट चाकं फिरवू लागतं. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी जनित्र होऊन बॅटरी भरते. गिअर बदलायचे नाहीत, कारण नेहमीचे गिअर नाहीतच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. "म्हंजे गावात इंजिन चालू हाय, पर गाडी ते ओढत न्हाई. मोटर ओढती, पर तिला पेट्रोल कळत न्हाई. मग सर, ॲव्हरेज धरायचं कुणाचं?"

सरांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

त्या दिवशी हिशेब झाला तो एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर. तो इथं देतो, कारण पुढे तालुक्यातल्या पुष्कळ लोकांनी तो खिशात घालून नेला. हायब्रिड सिटी आणि त्याच सिटीची पेट्रोल ऑटोमॅटिक यांच्यात तेव्हा साधारण साडेचार लाखांचा फरक होता. कंपनीच्याच आकड्यांनी जायचं तर पेट्रोलवाली लिटरला १८.४ चालते, हायब्रिड २६.५. म्हणजे शंभर किलोमीटरला एकीला साडेपाच लिटरच्या आसपास लागतात, दुसरीला पावणेचार. पेट्रोल १०५ रुपयांनी धरलं तर शंभर किलोमीटरमागे वाचले पावणेदोनशे रुपये. साडेचार लाख वसूल व्हायला गाडी अडीच लाख किलोमीटरच्याही पुढे गेली पाहिजे. सरांचं महिन्याचं फिरणं बाराशे. आबांनी बोटं मोजली, ओठ हलवले. "अठरा वर्सं," ते म्हणाले. "सर, तुमी रिटायर कधी?"

"अकरा वर्षांनी."

"मग शेवटची सात वर्सं पेट्रोल वाचवायला कुठं जाणार तुमी?"

एवढ्यावर आबा थांबले नाहीत. शहरी माणसाला लाख कळतात, आमच्याकडे क्विंटल कळतात. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,३०० रुपये होता. साडेचार लाख म्हणजे शंभराच्या वर चार क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. "आन् हे कशापायी? तर इंजिनाला आराम!" बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. हिशेब पडून गेला होता.

वर आर.टी.ओ.चा कर. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, आणि हायब्रिड त्याच रांगेत. १९ लाख ४९ हजारांवर सव्वादोन लाखांच्या पुढे. आबांचा युक्तिवाद असा की बॅटरी आहे तर कर माफ हवा. पण माफी होती ती निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांना. पुढे २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेश सरकारनं हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा आबांनी सरांना मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं आणि विचारलं, "तिकडं कुणी पाव्हणा हाय का तुमचा?"

आबांचा हायब्रिडवरचा राग काही अगदी बिनबुडाचा नव्हता. २००८ साली होंडानंच बाहेरून तयार आणलेली सिव्हिक हायब्रिड भारतात विकायला काढली होती, साडेएकवीस लाखांना. कुणी फारसं फिरकेना, तेव्हा त्याच वर्षात किंमत आठेक लाखांनी खाली आणली. धाराशिवात ती गाडी कुणी घेतल्याचं मला आठवत नाही, पण आबा ही गोष्ट सख्ख्या भावाचं नुकसान झाल्यागत सांगतात: "गाडीचा नवा वास जायच्या आत शेजाऱ्याला आठ लाखानं स्वस्त! कसं झोपावं माणसानं?" दुसरं उदाहरण त्यांच्या भाच्याचं. २०१५ पासून मारुतीच्या सियाझवर एसएचव्हीएस अशी पट्टी येऊ लागली, म्हणून भाचा ती हायब्रिड म्हणून जुनी घेऊन आला. ती गाडी सिग्नलला इंजिन बंद करते, निघताना थोडा हात देते, पण नुसत्या विजेवर एक फूटही चालत नाही. जुन्या बाजारात आजही अशा गाड्या 'हायब्रिड' म्हणून दाखवतात आणि त्या नावाचे पाच-दहा हजार जास्त लावतात. पट्टी वाचून पैसे देऊ नयेत हे आबांचं म्हणणं इथं शंभर टक्के बरोबर आहे.

सरांनी नवी गाडी घेतली नाही. विचार करायला लागले. आबांच्या सल्ल्याचा हा नेहमीचा परिणाम. त्यांच्यामुळे जिल्ह्यात जितक्या गाड्या आल्या त्याहून जास्त यायच्या थांबल्या. मधल्या काळात साडूनं दुसरी गाडी घेतली, पहिलीहून उंच.

२०२५ च्या शेवटी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, सर पुन्हा बाकड्यावर येऊन बसले. सोलापूरच्या एका डॉक्टरांची हायब्रिड सिटी विकायला होती. एमएच १३, २०२२ ची, पहिले मालक, ४१ हजार किलोमीटर, पांढरी. आबांच्या तोंडून पहिला शब्द आला तो "डाक्टर?" आणि सरांना कळलं की अर्धं काम झालं.

गाडी रविवारी आली. ही तपासणी मी स्वतः पाहिली, तेव्हा सविस्तर सांगतो.

आधी चुंबक. दोन्ही बंपर नापास. मग सीटबेल्ट: आबा चारही बेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढतात आणि आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघतात, कारण पुरात बुडालेली गाडी धुतात, पॉलिश करतात, सीटकव्हर बदलतात, पण बेल्टचं शेवटचं हातभर टोक कुणी धूत नाही. रेघ नव्हती. मग ते गुडघ्यावर बसले आणि चाकाच्या फटीतून ब्रेकपॅड बघितले. बघून उठले ते चेहरा पालटूनच.

"सर, हितं घोळ हाय. पॅड नव्यागत हायत. गाडी दहा हजाराच्या वर चाललेली न्हाई. आन् मीटर दाखवतंय एकेचाळीस." त्यांनी गाडी घेऊन आलेल्या पोराकडे कीव करत बघितलं. "किलोमीटर मागं फिरवणारे लई बघितले. फुडं फिरवणारा येडा पहिल्यांदाच बघायलोय."

पोरगा बिचारा शपथा घेऊ लागला. सरांनी पुन्हा वर्ग भरवला: या गाडीत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, पॅडला घासायची वेळ कमी येते, म्हणून ते जास्त टिकतात. आबांनी मान्य केलं नाही. पण हातातला रुमाल खिशात गेला. त्यांचं चाळीस वर्षांचं एक हत्यार त्या दिवशी निकामी झालं होतं.

दुसरं लगेच झालं. इंजिनाचा आवाज ऐकायची आबांची पद्धत अशी: लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटायचे. आतलं टॅपेट वाजतंय का बेअरिंग ओरडतंय हे त्यांना कळतं म्हणतात. सरांनी आत बसून बटण दाबलं. मीटरमध्ये हिरवा दिवा लागला: गाडी तयार. आवाज शून्य. आबा म्हणाले, "सुरू करा की." सर म्हणाले, सुरू आहे. आबा म्हणाले, "बॅटरी बसलीया." सरांनी गाडी वीतभर पुढे घेऊन दाखवली. आबांनी तरीही बॉनेट उघडायला लावलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटून उभे राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. टपरीवरची माणसं उठून आली. आणि बॅटरीला चार्ज हवा झाला असावा. कुणी हात न लावता इंजिन एकदम भर्रकन सुरू झालं. आबा दोन पावलं मागे, स्क्रू ड्रायव्हर गटारात. "कुणी मारली चावी?" ते ओरडले. चावी सरांच्या खिशात होती.

इथं एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. हायब्रिड गाडीच्या बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतात. त्यांतून मोठ्या दाबाची वीज जाते. गल्लीतल्या फिटरनं, आबांनी किंवा तुम्ही तिथं स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. हे काम शिकलेल्या माणसाचं, आणि आपल्याकडून त्यासाठी सोलापूर नाहीतर पुणे गाठायची तयारी हवी.

मग डिक्की. आबांनी ती उघडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पेट्रोल सिटीची डिक्की ५०६ लिटरची, हिची ३०६. दोनशे लिटर बॅटरीच्या सरंजामानं खाल्ले. आबांनी हातांनी मापं घेतली: ज्वारीचे कट्टे किती, पाहुण्यांच्या बॅगा किती, येरमाळ्याच्या यात्रेला निघाल्यावर स्वयंपाकाचं पातेलं आडवं बसतं का उभं. पातेलं बसत नव्हतं. "आन् फुडं गॅस किट बसवायचं म्हणलं तर टाकी कुठं ठिवायची?" सरांनी कपाळाला हात लावला.

चालवून बघायला तुळजापूरला गेलो. पुढे सर आणि आबा, मागे मी आणि तो पोरगा. हायवेच्या पट्ट्यांमधून जाताना स्टिअरिंग मधूनमधून स्वतःच हलकंसं वळायचं. आबांनी निदान केलं, "अलाइनमेंट गेलंय." ते पट्टे बघून गाडीला लेनमध्ये ठेवणारं यंत्र होतं, समोर कॅमेरा असतो. पुढे उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल कापड. गाडीनं आधी घंटी वाजवली आणि मग डॅशवर लाल अक्षरं पेटवली. आबा म्हणाले, "भित्री हाय." मला विचाराल तर हंगामात रात्री आठनंतर या रस्त्यावर गाडी जितकी भित्री तितकी बरी, वीस लाखांतले निदान दोन लाख त्या भित्रेपणाचे धरायला माझी हरकत नाही.

पुढे सोलापूरच्या अंगाला घाट उतरायला लागलो आणि आबांनी आयुष्यभराचा सल्ला दिला: "सर, न्यूट्रल मारा. पेट्रोल वाचतंय." आमच्याकडचा निम्मा ड्रायव्हरवर्ग हे करतो. साध्या गाडीतही ते धोक्याचं आहे, ब्रेक तापतात, आणि आजच्या इंजिनांत त्यानं पेट्रोल वाचतही नाही. हायब्रिडमध्ये तर उलटाच कारभार: न्यूट्रल केलं की मोटर चार्जिंग सोडून देते, म्हणजे उतारावर फुकट मिळणारी वीज तुम्ही हातानं ओतून देता. सरांनी न्यूट्रल केलं नाही. पडद्यावर बॅटरीच्या रेघा एकेक करून वाढत होत्या. आबा त्या रेघांकडे बघत होते. घाट संपला तेव्हा म्हणाले, "परत वर जाऊन एकदा उतरू."

मला वाटतं त्याच उतारावर आबांचं मन बदललं. फुकट काहीतरी मिळतंय हे डोळ्यांनी दिसल्यावर मराठवाड्यातला माणूस फार ताणत नाही.

परत आल्यावर दुसरी लग्नपत्रिका निघाली. जुन्या बाजारात या गाडीत आणि त्याच सालच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये दीडएक लाखाचाच फरक उरला होता. बाकीचे तीन लाख डॉक्टरसाहेबांच्या खात्यावर गेले होते. पावणेदोनशे रुपये शेकड्यानं दीड लाख फिटायला पंच्याऐंशी हजार किलोमीटर, म्हणजे सरांची सहा वर्षं. सर रिटायर होणार आठ वर्षांनी. आबांनी दोनदा मोजलं आणि पत्रिका सरांच्या हातात दिली. बॅटरीवर कंपनीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. २०२२ ची गाडी म्हणजे २०३० पर्यंत. ही हमीच जुन्या हायब्रिडची खरी किंमत ठरवते, पांढरा रंग नाही. अधिकृत सर्व्हिसची नोंद सलग आहे का, बॅटरीची तपासणी त्यांच्याकडून लेखी मिळते का, आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का, हे तीन कागद सरांनी मागून घेतले. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत बॅटरीला हवा घेणारी जाळी मागच्या सीटच्या आसपास असते; तिथं केस, धूळ, जुनं फडकं अडकलेलं असेल तर बॅटरी वर्षानुवर्षं तापली असं समजावं. सरांनी टॉर्च मारून तेही बघितलं. हे आबांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आबांच्या खिशात टॉर्च आली.

एजंटाकडून घ्यायची का डॉक्टरांकडून थेट, हाही प्रश्न होता. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. माणसानं माणसाला विकली तर बसत नाही. आबांनी पहिल्यांदाच एजंटाचा चहा बाजूला सारला आणि म्हणाले, "सर, सरळ दवाखान्यात जा."

गाडी सरांच्या दारात उभी आहे. तुळजापूरला देवीपुढे नेली, चाकाखाली लिंबं फोडली, नारळ फुटला. ॲव्हरेज सरांच्या पडद्यावर २२ दिसतं. साडूला ते २६ सांगतात. आबा टपरीवर ३० सांगतात, आणि वर, "मीच घ्यायला लावली" हे वेगळं.

एक मात्र आबा हल्ली सगळ्यांना सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. नवी हायब्रिड सेडान घ्यायची ती पुण्याच्या गर्दीत रोज दोन तास अडकणाऱ्यानं. थांबत, रखडत चालण्यातच तिचं पेट्रोल वाचतं. धाराशिवात सिग्नल ते किती, आणि हायवेला एका वेगानं निघालात की ती जवळजवळ साधी पेट्रोल गाडीच होते. आपल्याकडच्या माणसानं जुनी घ्यावी, हमी शिल्लक असलेली, सर्व्हिसच्या कागदांसकट, आणि गावाकडचा रस्ता मुरमाड असेल तर कसलीच सेडान घेऊ नये. घरात पातेलं मोठं असेल तरी नये.

तुम्हाला दाखवायची असेल तर या. फी नाही, चहा तुमचा. फक्त गाडी धुऊन आणू नका. धुतलेल्या इंजिनावर तेलाची गळती दिसत नाही, आणि धुतलेली गाडी आबा बघतही नाहीत.